१८० हप्त्यांचे २७० कसे झाले? कोल्हापूर जिल्ह्यातील कर्ज देणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, जिल्हास्तरीय बँकर्स समिती, कोल्हापूर,
तसेच जिल्ह्यातील बँका, गृहवित्त कंपन्या आणि पतसंस्था यांचे शाखाधिकारी व कर्ज विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या कामगाराला ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन मिळते महिना १,००० रुपये. सप्टेंबर २०१४ पासून ही किमान रक्कम आहे तिथेच आहे. त्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता मात्र पाच-सहा हजारांचा. कर्ज घेतले तेव्हा शेवटचा हप्ता निवृत्तीच्या आधी संपणार होता, तसे मंजुरीपत्रात लिहिलेही होते. आज तोच हप्ता निवृत्तीनंतर सात-आठ वर्षांवर जाऊन बसला आहे. तो तिथे कधी गेला, कुणाला विचारून गेला, याचे उत्तर कर्जदाराकडे नाही. शाखेत विचारले तर "सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय" एवढेच कळते.

आमच्यापैकी काही जण बँकांच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहेत, काही कर सल्लागार आहेत. राजारामपुरी, मंगळवार पेठ, कसबा बावडा, उचगाव, पाचगाव इथले निवृत्त लोक कर्जाचे उतारे पिशवीत घालून आमच्याकडे येतात. यातली काही कर्जे आमच्याच सह्यांनी मंजूर झालेली असतील. त्यामुळे हात झटकून गप्प बसणे आम्हाला जमत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मुदतीची आहे.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. रेपोला जोडलेली गृहकर्जे त्याच्यामागे अडीच टक्क्यांनी महागली. वाढलेले व्याज वसूल करायचे तर हप्ता वाढवायचा, नाहीतर मुदत. बहुतेक ठिकाणी संगणकाने मुदत वाढवली. कारण उघड आहे. हप्ता तोच राहिला की कर्जदार शाखेत येत नाही, खात्यातून हप्ता कापायची नवी परवानगी (मँडेट) घ्यावी लागत नाही, थकबाकीही दिसत नाही. सगळे शांत.

आता हिशोब पाहा. शिल्लक कर्ज ६ लाख, दर ७ टक्के, उरलेली मुदत १५ वर्षे, म्हणजे १८० महिने. हप्ता ५,३९३ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ३,५०० व्याजाला जातात, १,८९३ मुद्दलाला. दर ९.५० टक्के झाला की व्याजच ४,७५० होते आणि मुद्दलात पडतात फक्त ६४३ रुपये. हप्ता तोच ठेवून दर तसाच राहिला असे धरले, तर कर्ज फिटायला १८० ऐवजी २७० महिने लागतात. साडेसात वर्षे जास्त! ४५ वर्षांच्या माणसाचे कर्ज साठीला फिटणार होते, ते आता साडेसदुसष्टीला फिटेल.

त्याच दिवशी हप्ता ६,२६५ केला असता तर मुदत एका महिन्यानेही वाढली नसती. फरक महिन्याला ८७२ रुपये. आणि या दोन रस्त्यांत एकूण भरण्याचा फरक सुमारे सव्वातीन लाख रुपये.

घोडे पेंड खाते ते इथेच. हे ८७२ रुपये तो माणूस नोकरीत असताना, ओव्हरटाइम करून, दिवाळीच्या बोनसमधून, कसेही देऊ शकला असता. निवृत्त झाल्यावर तो ते देऊ शकत नाही. ज्या वर्षांत त्याच्या हातात निवड होती त्या वर्षांत ती त्याच्यापुढे ठेवलीच गेली नाही, आणि आता विचारून उपयोग नाही.

काही खात्यांत तर याहून वाईट घडते. १० लाखांचे, २० वर्षांचे, ७ टक्क्यांचे नवे कर्ज घ्या. हप्ता ७,७५३. दर ९.५० झाला की महिन्याचे व्याज ७,९१७. हप्ता व्याजालाही पुरत नाही, दर महिन्याला कर्ज वाढत जाते. माणूस नियमित भरतो आहे आणि कर्ज फुगते आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

हे आम्ही आमच्या मनाने बोलत नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे-थोडे, ही निवड कर्जदाराला द्यायची. मुदत वाढवल्याने कर्ज फुगता कामा नये. कधीही काही रक्कम किंवा सगळी रक्कम आधी भरायची मुभा द्यायची. दर तीन महिन्यांनी उतारा द्यायचा आणि त्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढे तरी असायचे, तेही सहज कळेल अशा भाषेत. जुन्या कर्जांनाही हे लागू करायची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती. हे परिपत्रक फक्त मोठ्या बँकांसाठी नाही, सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्याही त्यात येतात. आमच्यासमोर जे उतारे येतात त्यात उरलेल्या हप्त्यांचा आकडा क्वचित असतो, आणि मराठीत तर जवळजवळ नसतोच. "युवर टेनर हॅज बीन रिवाइज्ड" असा मेसेज सत्तर वर्षांच्या माणसाच्या साध्या फोनवर पाठवणे म्हणजे कळवणे नव्हे.

दर उतरतात तेव्हा काय होते तेही सांगतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत, त्यांना घट आपोआप मिळते. पण त्याआधीची एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतः काढलेल्या दरांवरची कर्जे, गृहवित्त कंपन्यांची त्यांच्या स्वतःच्या दरावरची कर्जे आणि सहकारी बँकांची संचालक मंडळाच्या ठरावावर चालणारी कर्जे तशीच मागे राहतात. ज्येष्ठांची बहुतेक कर्जे याच जुन्या गटातली. दाराशी आलेल्या नव्या ग्राहकाला कमी दर, आणि पंधरा वर्षे न चुकता भरणाऱ्याला जास्त. त्याने अर्ज केला आणि बदलाचे शुल्क भरले तरच दर उतरतो. अर्ज करता येतो हेच त्याला माहीत नसते.

दुसरी तक्रार तारखेची. दिसायला क्षुल्लक, पण सर्वात जास्त खाती यानेच बिघडतात.

पगार ३० किंवा १ तारखेला होत असे म्हणून हप्ता २ किंवा ५ तारखेला लावलेला असतो. निवृत्तीनंतर पैसे येण्याची तारीख बदलते, हप्त्याची नाही. ईपीएस पेन्शन साधारण महिनाअखेरच्या कामाच्या दिवशी जमा होते, पण मार्चची पेन्शन १ एप्रिल किंवा त्यानंतर येते. कोषागारातून येणाऱ्या पेन्शनची तारीख मागेपुढे होते. मुलगा पैसे पाठवत असेल तर त्याचा पगार सातला. मग मँडेट परत जाते. परत गेले की कर्ज देणाराही शुल्क लावतो, खाते असलेली बँकही लावते, वर जीएसटी. काही ठिकाणी त्याच आठवड्यात पुन्हा मँडेट टाकतात आणि पुन्हा तेच शुल्क. हजाराच्या पेन्शनवाल्याची त्यात महिन्याची पेन्शनच जाते.

हयातीचा दाखला हा याचाच दुसरा भाग. ईपीएसचा दाखला दिल्यापासून बारा महिने चालतो, राज्य सरकारच्या निवृत्तांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो. आजारपणात राहून गेला, किंवा बोटांचे ठसे यंत्रावर उमटले नाहीत (फाउंड्रीत आणि यंत्रमागावर काम केलेल्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात), की पेन्शन थांबते आणि पुढच्याच महिन्यात हप्ता चुकतो. पेन्शन खाते आणि कर्ज खाते एकाच शाखेत असेल तर त्या शाखेला हे आधी दिसते. दिसूनही फोन जातो तो वसुलीचाच.

त्याच शाखेत आणखी एक प्रकार चालतो. पेन्शन जमा झाली की थकलेल्या हप्त्यापोटी रात्रीत सगळी रक्कम वळती करून घेतात. कायद्याचा कीस इथे पाडत नाही. पण सरकारी पेन्शनवर दिवाणी न्यायालयही जप्ती आणू शकत नाही, तसे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. न्यायालयाला जे करता येत नाही ते शाखेतल्या एका कळीने होऊ नये, एवढे तरी म्हणता येईल.

तिसरी तक्रार फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशाची. निवृत्तीची रक्कम खात्यावर येते त्या आठवड्यात शाखेतून फोन येतो, पण कर्जासाठी नव्हे, ठेवीसाठी. नाहीतर विमा पॉलिसीसाठी. त्याच माणसाचे ८.५० टक्क्यांचे कर्ज पलीकडच्या टेबलावर चालू असते आणि इकडे त्याला त्याहून कमी व्याजाची ठेव पावती दिली जाते. ठेवीचे उद्दिष्ट असते हे आम्हाला ठाऊक आहे. ते आम्हीही पूर्ण केले आहे.

४ लाख शिल्लक, ८.५० टक्के, हप्ता ५,०००. फिटायला ११९ महिने. यात १ लाख मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला तर ७९ महिने उरतात, चाळीस हप्ते वाचतात. किंवा मुदत तीच ठेवून हप्ता ३,७५० वर आणता येतो. कमी पेन्शनवाल्याला बहुधा दुसरा मार्ग बरा, कारण त्याची अडचण दर महिन्याची आहे, एकूण व्याजाची नाही. पण संगणक न विचारता पहिला मार्ग धरतो. अनेकदा तर ते पैसे मुद्दलात न जाता "आगाऊ हप्ते" म्हणून पडून राहतात आणि व्याज पूर्ण शिल्लकेवर लागत राहते. स्लिपवर "मुद्दलापोटी" असे न लिहिल्याचा हा परिणाम. म्हणून हे पत्र वाचणाऱ्या कर्जदारांनाही सांगतो: पैसे भरताना लेखी अर्ज द्या, "ही रक्कम मुद्दलात जमा करून हप्ता कमी करावा" किंवा "मुदत कमी करावी" असे लिहा, पोच घ्या आणि आठ दिवसांनी नवा उतारा मागा. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही. सगळी ग्रॅच्युइटी मात्र कर्जात ओतू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याचे पैसे बाजूला राहू द्या, नाहीतर गुजरीत दागिने गहाण ठेवून हप्ता भरायची वेळ येते. भिशी उचलून हप्ता भरणे हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचाच प्रकार आहे.

चौथी तक्रार विम्याची. कर्ज देताना एकरकमी हप्त्याचा विमा कर्जातच मिळवून दिला जातो. त्याचे संरक्षण मूळ मुदतीच्या तक्त्याप्रमाणे दर वर्षी घटत जाते आणि मूळ मुदतीलाच संपते. कर्ज १८० चे २७० महिने झाले तरी विमा १८० लाच थांबतो. म्हणजे साठीनंतर, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हा तो नसतो, आणि घरमालकिणीला पतीच्या वर्षश्राद्धाआधी नोटीस येते. मुदत वाढवताना हे सांगितल्याचे एकही पत्र आम्ही पाहिलेले नाही. उलट कर्ज लवकर फेडले तर उरलेल्या काळाचा विमा हप्ता बऱ्याच योजनांत काही प्रमाणात परत मिळतो. तोही मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आता थकबाकीकडे वळतो. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) होते. त्यानंतर सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. तिला कर्जदाराने लेखी हरकत दिली तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे तुम्हाला बंधनकारक आहे. मग ताबा, मग लिलाव. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी आपल्याच कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात सांगितले. ताब्याविरुद्ध दाद मागायला ४५ दिवस, आणि त्यासाठी जायचे पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आले, पण एका थकीत खोलीच्या वादासाठी म्हातारा अजून पुण्याची एसटी धरतो.

म्हणून जे काही करायचे ते पहिल्या ९० दिवसांत. तुमच्या भाषेत थकबाकीचे टप्पे: एसएमए-० (३० दिवसांपर्यंत), एसएमए-१ (६० पर्यंत), एसएमए-२ (९० पर्यंत). या काळात नेमके काय होते? कर्जदार अर्धा हप्ता घेऊन येतो आणि त्याला "पूर्ण आणा" म्हणून परत पाठवतात. ज्या जिल्ह्यात पिग्मी एजंट दुकानोदुकानी पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, तिथे घराच्या हप्त्यासाठी अर्धी रक्कम घ्यायला संगणक तयार नाही, हे आमच्या डोक्यात शिरत नाही. सहकारी बँकेत दोन जामीनदार असतात. तेही त्याच कारखान्यातले, त्याच वयाचे, त्याच पेन्शनवरचे. नोटीस तिघांनाही जाते.

पुराचा उल्लेख टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर दुधाळी, शाहूपुरी, बापट कॅम्प, आंबेवाडी-चिखली भागात अनेकांनी पडझड दुरुस्तीसाठी जुन्या घरकर्जावरच वाढीव कर्ज घेतले. मध्ये २०२० चे मार्च ते ऑगस्टचे स्थगित हप्ते, ज्यांचे व्याज शिलकीत मिळाले. अशा खात्यांत तीन वेळा मुदत ताणली गेली आहे. मूळ मंजुरीपत्रावरून ती खाती समजतच नाहीत.

पतसंस्थांसाठी वेगळे चार शब्द. आपल्यावर रिझर्व्ह बँकेची ही परिपत्रके चालत नाहीत आणि आपल्या सभासदाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येत नाही. आपली वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याने होते, तीही झपाट्याने. नियम नाही म्हणून हिशोब दाखवायचा नाही, असे मात्र होऊ नये. कर्जदार हा तुमचा सभासद आहे, सभेत मत देतो.

शेवटची तक्रार घर सोडवण्याची. काहींना घर विकून लहान जागेत जाणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. गिऱ्हाईक तयार असते, पण कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र आणि तारणातल्या कागदांची यादी मिळायला आठवडे जातात. पत्र मिळाले की त्याची मुदत चार-आठ दिवसांची. गिऱ्हाईक निघून जाते. "उलट गहाण कर्ज" (रिव्हर्स मॉर्टगेज), म्हणजे साठीनंतर घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेणे, ही योजना राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ मध्ये आखून दिली आहे. त्या पैशातून घराचे जुने कर्जही फेडता येते. शाखांत तिचे नाव काढले की लोक एकमेकांकडे बघतात. पेठांतल्या घरांना ती तशीही अवघडच, कारण मालमत्ता पत्रकावर अजून आजोबा आणि तीन चुलते असतात. पण राजारामपुरीतल्या स्वतःच्या नावच्या फ्लॅटला का नाही?

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बोजाही त्याच मुदतीत उतरवायचा. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तरी निल दाखला हातात देऊन "बाकीचं तुम्ही तलाठ्याकडे बघा" असे सांगितले जाते. रजिस्टर गहाणखत असेल तर दुय्यम निबंधकाकडे कर्ज देणाऱ्याची सही लागते, त्या सहीसाठी फेऱ्या.

आमच्या मागण्या अशा:

कर्जदार ५५ वर्षांचा झाला की त्याला मराठीत एका पानाचा कागद द्या: शिल्लक, दर, उरलेले हप्ते, शेवटच्या हप्त्याची तारीख, त्या तारखेला त्याचे वय आणि विमा संपण्याची तारीख. सोबत, मुदत मूळ तारखेवर आणायची तर हप्ता किती, हा आकडा.

निवृत्तीच्या वयापलीकडे मुदत न्यायची असेल तर दोन्ही आकडे दाखवून त्याची लेखी संमती घ्या. आजवर संमतीशिवाय ताणलेली ज्येष्ठांची खाती तपासा, आणि दर उतरला की आधी मुदत मागे आणा.

निवृत्तीनंतर एकदा हप्त्याची तारीख विनाशुल्क बदलून द्या. एका महिन्यात मँडेट एकदाच टाका. पेन्शन खात्यातून एका महिन्यात निम्म्याहून जास्त रक्कम वळती करू नका.

मुद्दलापोटी भरण्याच्या अर्जावर "हप्ता कमी" आणि "मुदत कमी" असे दोन चौकोन छापा.

एसएमए-१ मध्येच ज्येष्ठ कर्जदाराला बोलावून हप्ता बसवून द्या, अर्धवट रक्कम स्वीकारा. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करायचे आहेत, हे एजंटांना लेखी कळवा.

कर्ज बंद करण्याचे पत्र सात दिवसांत द्या, निदान एक महिना चालेल असे.

मा. अध्यक्ष महोदय, समितीच्या तिमाही बैठकीत पीककर्ज, मुद्रा आणि स्वयंसहायता गटांचे तक्ते येतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर साठीपुढच्या कर्जदारांची गृहकर्जे हा विषय घ्यावा. प्रत्येक संस्थेकडून अशा खात्यांची संख्या, मूळ मुदत आणि आजची मुदत मागवावी. अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ इंडियाने हा तक्ता गोळा करावा. नमुना आम्ही तयार ठेवला आहे, चार रकान्यांचा आहे.

लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपले,
कोल्हापुरातील काही निवृत्त बँक कर्मचारी व कर सल्लागार